घरच्या चित्रफितींचे विश्वस्त

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रँड कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपल्या चलच्चित्रांचा पहिला खेळ केला. त्यात दहा छोटी चित्रे होती. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते, बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याची फजिती होती. आणि त्यातच एक चित्र असे होते की, थोरले बंधू ऑग्यूस्त आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत बसली आहेत. चित्रण धाकट्या लुईचे. एका मिनिटाहूनही कमी वेळ चालणारे हे दृश्य म्हणजे आजच्या भाषेत घरचा व्हिडीओच. सिनेमा लोकांसमोर आला त्याच दिवशी एका घरातले जेवणही पैसे मोजून आलेल्या परक्या माणसांसमोर गेले. त्या मुलीची संमती घेण्याचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल. तिला अजून बोलताही येत नव्हते.

एकशेतीस वर्षांपूर्वी एका श्रीमंत कारखानदाराच्या घरी जे घडले, ते आज आपल्या प्रत्येकाच्या घरी रोज घडते आहे. बारसे, उष्टावण, शाळेचा पहिला दिवस, साखरपुडा, डोहाळजेवण, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, यांतले काहीच आता चित्रित झाल्यावाचून राहत नाही. प्रश्न चित्रणाचा नाहीच. प्रश्न आहे तो नंतरचा. हे सारे जाते कुठे? ते कोण पाहते? आणि वीस वर्षांनी त्यातले काय उरणार आहे?

या बाबतीत आपल्याकडे साधारणपणे दोन पंथ दिसतात. एक पंथ सारे काही जगासमोर मांडून मोकळा होतो. दुसरा पंथ सारे काही मोबाइलच्या पोटात कोंडून ठेवतो आणि ते तिथे सुरक्षित आहे असे समजून चालतो. पहिल्याला वाटते, हजारो लोकांनी पाहिले म्हणजे ते टिकले. दुसऱ्याला वाटते, कोणी पाहिले नाही म्हणजे ते टिकले. दोघांचेही म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी पहिल्याचे पाहू. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले होते, असा त्याचा लौकिक. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती तेवढ्या उरल्या. इतक्या लोकांनी पाहिलेली गोष्ट जपण्याचे काम मात्र कोणाचेच नव्हते. उलट, ज्यांनी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे केले त्या पी. के. नायर यांना दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळाले ते नाशिकला, फाळके कुटुंबीयांकडून. एका घराने ते जमेल तसे सांभाळले होते, म्हणून पुढे देशाला मिळाले.

ही झाली जुनी गोष्ट. नव्यातली सांगायची तर २९ जून २०२० च्या रात्रीची आठवण पुरेशी आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. बंदीच्या कारणांत इथे शिरायचे नाही. परंतु बांधावरच्या शेतकऱ्यापासून शिवणकाम करणाऱ्या गृहिणीपर्यंत असंख्य लोकांनी आपल्या आयुष्याचे तुकडे तिथे ठेवले होते. ज्यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती, त्यांच्या हातून ते गेले. मायस्पेस नावाच्या एके काळच्या अतिशय लोकप्रिय संकेतस्थळाने २०१९ मध्ये जाहीर केले की, साठा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविताना लोकांनी काही वर्षे भरलेली गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती नष्ट झाल्या. चव्हाट्यावर मांडलेली वस्तू सर्वांची असते, म्हणजेच ती जपण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

मग कपाटात बंद करून ठेवलेले तरी टिकते का? १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आला आणि लग्नात हॅलोजनचा दिवा घेऊन फिरणारा व्हिडीओवालाही आला. त्या काळच्या कॅसेटी आजही कित्येक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत, जरीच्या साडीसारख्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या असतात. पण त्या लावायच्या कशावर? जगातला बहुधा शेवटचा व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये त्याचे उत्पादन थांबविले. फितीवरचा चुंबकीय थर काळाबरोबर झिजतो, आणि कोकणातल्यासारख्या दमट हवेत तर फितीला सरळ बुरशी धरते. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरचा ठेवा २०२५ च्या सुमारापर्यंत नव्या माध्यमात उतरवून घेतला नाही, तर त्यातला बराचसा कायमचा हातचा जाईल. ती मुदत उलटली. ज्यांच्या ट्रंकेत अजून कॅसेटी आहेत, त्यांनी पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये. शहरात हे काम करून देणारे लोक अजून आहेत तोवर ते करून घ्यावे.

मोबाइलचे आयुष्य तर कॅसेटपेक्षाही कमी. फोन चोरीला जातो, पाण्यात पडतो, नाही तर 'जागा संपली' असा संदेश येतो आणि आपण घाईघाईने दोनशे गोष्टी पुसून टाकतो. त्यांत सकाळच्या सुप्रभातांबरोबर आजोबांचा आवाजही जातो.

यावर बहुतेक जण म्हणतील, "आमचा कुटुंबाचा ग्रुप आहे ना!" आहे, आणि तो असावाही. पण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे फार तर चावडी. ते कोठार नव्हे. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठविलेला व्हिडीओ आकाराने लहान करून पाठविला जातो, म्हणजे पोहोचतो ती फिकट नक्कल. तो जपला जातो तो प्रत्येकाच्या फोनवर, आणि जपायचा की पुसायचा हे ज्याच्या त्याच्या लहरीवर. शिवाय ग्रुपात कोण कोण आहे, हे तरी आपल्याला नक्की ठाऊक असते का? मामेभावाच्या मेव्हण्यापर्यंत पोहोचलेल्या ग्रुपात टाकलेली गोष्ट तिथून पुढे कुठे गेली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. तेव्हा हा ग्रुप ना धड खासगी, ना धड टिकाऊ.

हे सारे इतके मनावर घेण्याचे कारण काय? कारण घरच्या चित्रफितींत एक जात अशी असते की, ती जगाला दाखवायची नसते आणि पुसूनही टाकवत नाही. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी कुटुंबांनी आपल्या माणसाला शेवटचा निरोप फोनच्या पडद्यावर दिला. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळूरला, आणि स्मशानात एक पुतण्या हातात फोन धरून उभा. ती चार-सहा मिनिटे आजही कोणाच्या तरी फोनमध्ये आहेत. ती पाहण्याचे धैर्य कोणाला होत नाही, आणि पुसण्याचेही होत नाही. कदाचित दहा वर्षांनी त्या घरातला नातू विचारील, आणि त्या वेळी ती लागतील. स्मृतिभ्रंश होण्याआधी आईने सांगितलेली माहेरच्या गावाची हकीकत, रुग्णालयात जाण्यापूर्वी वडिलांनी मुलांना उद्देशून बोललेली चार वाक्ये, पहिलटकरणीच्या कुशीतले पहिल्या दिवसाचे बाळ, ही सगळी याच जातीची. ल्युमिएरांची ती भरविली जाणारी मुलगी, आंद्रे तिचे नाव, १९१८ साली ऐन चोविशीत गेली. जगाच्या दृष्टीने ती चित्रफीत सिनेमाच्या इतिहासातला एक टप्पा आहे. तिच्या आईवडिलांच्या दृष्टीने त्यानंतर ती काय झाली असेल, याची कल्पना करता येते.

अशा चित्रफितींची जागा चव्हाट्यावर नाही आणि एकाच माणसाच्या खिशातही नाही. ती जागा आहे मोजक्या, विश्वासाच्या मंडळींत. ही कल्पना आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात गेली शंभर वर्षे कुलवृत्तांत छापले गेले. एका कुळातल्या चार उत्साही माणसांनी गावोगाव पत्रे पाठवून वंशावळी जमवायच्या, वर्गणी काढायची, मोजक्या प्रती छापायच्या आणि त्या कुळातल्याच घरांत वाटायच्या. ते पुस्तक बाजारासाठी नसे. पण प्रती घरोघर विखुरलेल्या असल्यामुळे एका घराला आग लागली किंवा एक वाडा पुरात गेला, तरी वृत्तांत वाचे. मोजक्या लोकांत वाटणे हीच त्याची जपणूक होती. त्यातली उणीवही सांगायला हवी. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या पदव्या आणि हुद्दे सविस्तर असत, आणि बायकांच्या वाट्याला माहेरचे-सासरचे नाव आणि फार तर जन्मसाल येई. आवाज तर कोणाचाच नव्हता. आज तो भरून काढण्याचे साधन आपल्या हातात आहे.

मोजक्या लोकांत वाटायचे, तर कोणी काय पाहायचे याचे नियमही लागतात. असे नियम एका समाजाने फार विचारपूर्वक केले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात टेनंट क्रीक नावाच्या गावी वारुमुंगू हे आदिवासी राहतात. त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती मिशनऱ्यांकडे, संग्रहालयांकडे, संशोधकांकडे विखुरलेल्या होत्या. त्या परत मिळाल्यावर त्यांनी किंबर्ली ख्रिस्तेन या अमेरिकन संशोधिकेच्या साहाय्याने २००७ मध्ये स्वतःचे संगणकीय संग्रहालय उभारले. त्याचे नाव 'मुकुर्तू'. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे मौल्यवान वस्तू ठेवण्याची विणलेली पिशवी. या संग्रहालयात सगळ्यांना सगळे दिसत नाही. काही गोष्टी फक्त बायकांसाठी, काही पुरुषांसाठी, काही त्या त्या कुटुंबासाठी. माणूस गेला की त्याचे चित्र दाखवायचे की नाही, हेही त्यांच्या रीतीप्रमाणे ठरते. पुढे ही प्रणाली इतर देशांतील आदिवासी समाजांसाठीही खुली झाली. त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, त्यांनी आधी आपसातले नाते आणि मर्यादा ठरविल्या, आणि यंत्र त्याबरहुकूम बनविले. आपण नेमके उलटे करतो. यंत्र जी सोय देईल, तिच्यामागे आपले नाते फरफटत जाते.

कुटुंबाला एवढी यंत्रणा लागत नाही. पण नियम लागतात. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे मला अशा वेळी लॉकर आठवतो. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. आत काय आहे, हे बँकेला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याचा तिला अधिकारही नसतो. ज्याला हल्ली 'एन्क्रिप्शन' म्हणतात, त्याचे तत्त्व बरेचसे हेच: जागा कंपनीची, पण आतले फक्त तुम्हालाच दिसणार. फरक एवढाच की, ग्राहकाची किल्ली हरवली तर साक्षीदारांसमक्ष लॉकर फोडता येतो. इथे तसे नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ पासून आपल्या साठ्याला पासवर्डाचे किंवा ६४ अंकी किल्लीचे कुलूप लावण्याची सोय दिली. ती किल्ली हरवली तर कंपनीलाही तो साठा उघडता येत नाही. जितकी गुप्तता पक्की, तितकी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी आपली. म्हणून घरातल्या किमान दोघांना ती किल्ली कुठे लिहून ठेवली आहे, हे ठाऊक असलेच पाहिजे.

यातूनच वारसाचा प्रश्न येतो. ठेवीला नॉमिनी लावायला आपण आता शिकलो आहोत. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेतील ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. आठवणींना मात्र कोणीच नॉमिनी लावीत नाही. सोय नाही असे नाही. गूगलने २०१३ पासून, आणि अ‍ॅपलने २०२१ च्या अखेरीपासून, आपल्या पश्चात आपला साठा कोणाच्या हाती द्यावा हे आधी नोंदविण्याची व्यवस्था केलेली आहे. ती न वापरल्यास काय होते? दोन वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही, ते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. म्हणजे वडील गेल्यावर त्यांचे खाते उघडण्याची हिंमत मुलांना दोन वर्षे झाली नाही, तर त्यातल्या चित्रफितीही जाऊ शकतात. दुःखाला अशी मुदत घालून दिलेली असते, हे अनेकांच्या गावीही नसते.

बँकेत आणखी एक गोष्ट लोकांना पुनःपुन्हा समजावून सांगावी लागते. नॉमिनी हा मालक नसतो. तो विश्वस्त असतो. पैसे त्याच्या हाती येतात ते खऱ्या वारसांना पोहोचविण्यासाठी. घरच्या चित्रफिती सांभाळणाऱ्याने हे वाक्य मनावर कोरून ठेवावे. हार्डडिस्क माझ्या कपाटात आहे, म्हणून त्यातल्या माणसांचे चेहरे माझे होत नाहीत. कोणती चित्रफीत कोणी पाहावी, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्यात जे दिसतात त्यांचा.

आपल्या घरांत हे सहसा होत नाही. साधारणतः ज्या पुरुषाला संगणकातले कळते तो साऱ्याचा ताबा घेतो. बाया सगळ्या चित्रफितींत असतात. विचारले मात्र त्यांना क्वचितच जाते. बाळंतपणानंतर थकून बसलेल्या सुनेचे चित्रण ग्रुपवर टाकण्याआधी तिला कोणी विचारीत नाही. आजारपणात केस गेलेल्या आत्याला "आत्या, हे सगळ्यांना पाठवू का?" असे विचारायला फार वेळ लागत नाही. मुलांचेही तेच. आज तिसरीतल्या मुलाचे न्हाणीघरातले गंमतीचे चित्रण उद्या दहावीत त्याच्या वर्गमित्रांच्या हाती लागले, तर त्याला ती गंमत वाटेल का? ज्या फ्रान्समध्ये ल्युमिएरांनी आपली मुलगी पडद्यावर आणली, त्याच देशाने २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा करून मुलांच्या प्रतिमेचे रक्षण ही आईवडील दोघांची संयुक्त जबाबदारी ठरविली, आणि वयाच्या मानाने मुलाचेही मत घ्यावे असे सांगितले. आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. ते योग्यच आहे. सरकारने प्रत्येकाच्या दिवाणखान्यात येऊन बसू नये. मात्र कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, तिथे घराचा स्वतःचा नियम सुरू व्हायला हवा.

असा नियम करायचा म्हणजे काय करायचे? पाच-सात माणसे निवडावीत. वेगवेगळ्या घरांतली, शक्य तर वेगवेगळ्या गावांतली, आणि त्यांत निदान दोन तरुण. संगणकाच्या जगात तीन-दोन-एक असा एक जुना संकेत आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. एक हार्डडिस्क पुण्यात, दुसरी नागपूरच्या बहिणीकडे, तिसरी प्रत संगणकीय साठ्यात, एवढ्याने बरेच काम भागते. पेन ड्राइव्ह ही सामान नेण्याची पिशवी आहे, कपाट नव्हे. गूगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा फार मोठी समजू नये. चांगल्या प्रतीचे तासाभराचे चित्रण साधारण चार जीबी खाते, आणि त्याच जागेत आपली पत्रेही असतात. तेव्हा निवड करावी लागते. ती आताच करावी. मुंजीचे सहा तास जपण्यापेक्षा आजीने मातृभोजनाच्या वेळी नातवाला सांगितलेली दोन मिनिटे जपावीत.

आणि प्रत्येक चित्रफितीबरोबर कागदावर चार ओळी लिहाव्यात: तारीख, गाव, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे. नावे माहीत असलेला शेवटचा माणूस गेला की, उत्तम जपलेली चित्रफीतही अनोळखी माणसांची होऊन बसते. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नवे खाते उघडतात. त्या दोन दिवसांत तासभर काढून साऱ्या प्रती उघडतात का हे पाहावे, आणि हार्डडिस्क जुनी झाली असेल तर सारे नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे. कुलूप लावून विसरलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फारसा फरक नसतो.

कोणी म्हणेल, विश्वासाची माणसेच उलटली तर? उलटतात. वाटण्या होतात, घटस्फोट होतात, भावाभावांचे बोलणे बंद होते. आणि एकदा दिलेली प्रत परत मागता येत नाही, हेही खरे. म्हणूनच मंडळ लहान असावे आणि जे अगदीच नाजूक आहे ते त्यातल्याही दोघा-तिघांकडेच असावे. पण फसगत होईल या भीतीने एकाच्याच फोनमध्ये सारे ठेवणे म्हणजे चोराच्या भीतीने दागिने जमिनीत पुरून जागा कोणालाच न सांगण्यासारखे आहे. असे पुरलेले धन आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या शोधीत बसलेली घराणी काही कमी नाहीत.

बँकेतला नॉमिनीचा अर्ज भरायला पाच मिनिटे लागतात. तरीही माणसे तो वर्षानुवर्षे टाळतात, कारण त्यात स्वतःच्या मरणाचा उल्लेख करावा लागतो. आठवणींच्या बाबतीतही अडते ते तिथेच. आपल्या मागे आपला आवाज कोण ऐकणार, हा प्रश्न विचारायला मन धजत नाही. पण आजच्या रविवारी, सारी मंडळी जेवायला एकत्र बसतील तेव्हा, तो विचारून पाहावा. उत्तर म्हणून जी दोन-चार नावे पुढे येतील, तेच आपल्या चित्रफितींचे विश्वस्त.